झाकणावरची तारीख

(टेबलावर अर्धा ग्लास पाणी, शेजारी इसबगोलचा डबा. कॅमेरा जवळ.)

दोन चमचे इसबगोल टाकलंय आणि आता मी हात बांधून बसणारे, ढवळणार पण नाही. आधी ती टरफलं वरवर तरंगताना दिसतायत, भुशासारखी. मग एकेक खाली बसतंय, कडेने पारदर्शक होतंय, फुगतंय. दहा मिनिटांनी येऊ आपण परत, ग्लास इथेच राहू दे.

तोपर्यंत एक विचारते. तुमच्या घरात पोटासाठी किंवा लघवीच्या त्रासासाठी जे काही चूर्ण, काढा, कॅप्सूल चालू आहे ते नक्की कधीपासून चालू आहे? तारीख सांगता येईल? मला नव्हती सांगता आली. कुणीतरी सांगितलं, फरक पडला, मग चालूच राहिलं, असंच असतं आपलं. काय घ्यायचं हे आपण दहा जणांना विचारतो पण थांबायचं कधी हे कुणालाच विचारत नाही.

(ग्लास पुन्हा. आता तिरका केलेला.)

झाली दहा मिनिटं. बघा, ग्लास तिरका केला तरी पाणी वाहत नाहीये, गोळा सरकतोय. आतड्यात नेमकं हेच व्हायला हवं असतं, पाणी धरून ठेवलं की मळ मऊ होतो आणि पुढे सरकतो, म्हणून इसबगोल चांगलंच आहे, नीट घेतलं तर बरेच दिवस घेतलं तरी चालतं. पण हाच गोळा घशात किंवा अन्ननलिकेत तयार झाला तर? मी हा शहाणपणा केलेला आहे, गडबडीत कोरडंच तोंडात टाकलं, वर दोन घोट पाणी, आणि पुढचा अर्धा तास छातीत काहीतरी अडकलंय म्हणून घरभर फिरत होते. एका डोसला निदान २४० मिलिलिटर म्हणजे मोठा ग्लासभर पाणी लागतं, कालवलं की लगेच प्यायचं आणि पिऊन लगेच आडवं व्हायचं नाही. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा आतडं कुठे अरुंद झालंय त्यांनी याच्या वाटेला जाऊच नये. आणि बाकीच्या गोळ्यांमध्ये दोनेक तासांचं अंतर ठेवा, कारण त्या गोळ्यासुद्धा याच लगद्यात अडकून बसू शकतात आणि मग बीपीची गोळी घेऊनही न घेतल्यासारखी.

(सुकलेली पानं, हातात घेतलेली.)

आता ही सोनामुखी. सनाय, स्वर्णपत्री, सेना, नावं वेगवेगळी आणि पान एकच, त्यामुळे "पोट साफ" लिहिलेल्या डब्याच्या मागचं बारीक अक्षर वाचाल तर पुष्कळदा ही तिथे भेटते. हिचं काम भारी आहे. यातले सेनोसाइड्स जठरातून लहान आतड्यातून तसेच खाली जातात, मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया त्यांचं रूपांतर करतात आणि मग ते आतड्याला ढोसायला लागतात. म्हणून रात्री घेतली की सकाळी परिणाम, सहा ते बारा तास धरा. चार दिवसांच्या बद्धकोष्ठाला उत्तम. पण रोज, महिनोन् महिने, भरपूर घेत राहिलात तर जुलाबाबरोबर पोटॅशियम जातं, आणि हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या असतील तर पोटॅशियम कमी होणं म्हणजे हृदयाच्या ठोक्यांशी खेळ. बऱ्याच काळाने कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, केली तर आतड्याचं अस्तर तपकिरी पडलेलं दिसतं, ते तसं निरुपद्रवी असतं आणि औषध थांबवल्यावर हळूहळू जातं.

मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. रोज सोनामुखीने पोट साफ होतंय म्हटल्यावर ते मुळात साफ का होत नाही हे शोधायचं राहूनच जातं. थायरॉइड मंद असेल, लोहाच्या गोळ्या असतील, दुखण्याच्या स्ट्राँग गोळ्या असतील, आणि पन्नाशीनंतर अचानक सवय बदलली, संडासातून रक्त किंवा काळं डांबरासारखं जायला लागलं, वजन उतरायला लागलं तर चूर्ण बाजूला ठेवून आधी तपासणी.

कोरफडीचं पण एक सांगते, गर वेगळा आणि सालीखालचा पिवळा कडू चीक वेगळा. तो चीक जबरदस्त रेचक आहे, अमेरिकेत २००२ साली प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळणाऱ्या रेचकांमधून तो काढून टाकला गेला.

ॲसिडिटीला ज्येष्ठमध घेणारे खूप. गोड लागतं, घशाला बरं वाटतं, निरुपद्रवी वाटतं. पण त्यातलं ग्लिसरायझिन किडनीतलं एक एन्झाइम अडवतं, मग शरीर मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम सोडतं, म्हणजे बीपी वर, पाय सुजलेले, अंगात त्राण नाही. आणि माणूस बीपीची गोळी वाढवून घेतो, ज्येष्ठमधाचं नावही काढत नाही! युरोपात रोजचं १०० मिलिग्रॅम ग्लिसरायझिन ही वरची मर्यादा सुचवलेली आहे. डीजीएल लिहिलेल्या ज्येष्ठमधाच्या गोळ्यांमधून हे ग्लिसरायझिन बहुतेक काढलेलं असतं. पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल मात्र आयबीएसच्या, म्हणजे वरचेवर पोट बिघडत राहणाऱ्या संवेदनशील आतड्याच्या, पोटदुखीला खरंच उपयोगी पडतात, फक्त त्या चावायच्या नाहीत, फोडायच्या नाहीत, नाहीतर तेल जठरातच सुटतं आणि छातीत जळजळ.

(नळ. ग्लास भरतोय.)

आता लघवीकडे येऊ. उन्हाळी लागली, जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं आणि चार थेंब येतात. हे ज्याला झालंय त्याला व्याख्या सांगायची गरज नाही.

सगळ्यात आधी नाव निघतं क्रॅनबेरीचं. या फळातले प्रोअँथोसायनिडिन्स ई. कोलाय बॅक्टेरियाला मूत्राशयाच्या अस्तराला चिकटू देत नाहीत, तो घसरतो म्हणा ना. कॉक्रेन नावाची संस्था सगळे अभ्यास एकत्र तपासून आढावा घेते, तिच्या २०२३ च्या आढाव्यात ५० अभ्यास आणि ८,८५७ माणसं होती, आणि ज्या बायकांना पुन्हा पुन्हा इन्फेक्शन होतं त्यांच्यात ते होण्याचं प्रमाण साधारण पावपट कमी झालेलं दिसलं, मुलांमध्ये तर त्याहून जास्त. पण हे सगळं इन्फेक्शन होऊ नये म्हणून. एकदा जळजळ सुरू झाली, बॅक्टेरिया चिकटून बसले, की मग बाटल्यावर बाटल्या क्रॅनबेरी प्यायलात तरी ते उपचार होत नाही.

दुसरी बेअरबेरी, लेबलवर उवा उर्सी असंही लिहितात. हिच्या पानातलं आर्ब्युटिन शरीरात जाऊन हायड्रोक्विनोन बनतं आणि ते लघवीतून जाताना बॅक्टेरियाला मारतं अशी कल्पना. लघवीचा रंग हिरवट-तपकिरी होऊ शकतो, घाबरू नका. पण हायड्रोक्विनोन हे काही साधं रसायन नाही, म्हणून युरोपच्या औषध नियामकांनी हिच्यावर एक आठवड्याची मर्यादा घातलीय, त्यापुढे नाही, आणि गरोदर बायकांनी तर नाहीच. जर्मनीत जवळपास ४०० बायकांवर एक ट्रायल झाली, एका गटाला सुरुवातीला बेअरबेरी, दुसऱ्याला अँटिबायोटिक, निकाल २०२१ मध्ये आला. बेअरबेरीवाल्या गटाला अँटिबायोटिक कमी लागलं हे खरं, पण त्रास जास्त सोसावा लागला आणि इन्फेक्शन किडनीपर्यंत गेल्याच्या केसेसही त्याच गटात जास्त होत्या.

म्हणून इथे दिवससुद्धा मोजायचे नाहीत, तास मोजायचे. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत बरगडीखाली दुखणं, उलट्या, लघवीत रक्त, लघवी अडकणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. गरोदरपण, लहान मूल किंवा पुरुष असेल तर नुसत्या जळजळीलाही घरी वाट बघत बसायचं नाही. बाकी कुणाला साधी जळजळ असेल तरी दोन दिवसांत उतार नाही पडला तर लघवीची तपासणी करून टाकायची.

एक गंमत सांगते. २०१८ मध्ये एक अभ्यास आला, १४० बायका, सगळ्या पाणी कमी पिणाऱ्या आणि वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या. अर्ध्यांना सांगितलं रोज दीड लिटर पाणी जास्त प्या. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा इन्फेक्शन झालं, दुसऱ्या गटाला ३.२ वेळा. तेव्हापासून कुणी म्हणालं अमुक काढ्याने माझी उन्हाळी परत आलीच नाही तर मला शंका येते, काढा की काढ्याबरोबर पोटात गेलेलं पाणी? मुतखड्यालाही पाणी हाच पाया. फक्त हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून.

(काळा पडदा. क्षणभर शांतता.)

१९९० च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये वजन कमी करायच्या एका क्लिनिकमध्ये बायकांना चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल दिल्या जात होत्या. काही महिन्यांत त्यातल्या काही जणींच्या किडन्या झपाट्याने खराब व्हायला लागल्या, त्याही तरुण बायकांच्या. डॉक्टरांनी १९९३ मध्ये हे छापून आणलं. घोळ नावाचा होता. हवी होती हान फांग ची नावाची वनस्पती, आणि पुड्यात निघाली ग्वांग फांग ची. दोन्ही फांग ची, पण दुसरी ॲरिस्टोलोकिया कुळातली आणि तिच्यात ॲरिस्टोलोकिक ॲसिड. शंभरहून जास्त रुग्ण सापडले. पुढे ज्यांच्या किडन्या पूर्ण निकामी झाल्या त्यांच्यापैकी ३९ जणांच्या किडन्या आणि मूत्रवाहिन्या खबरदारी म्हणून काढून तपासल्या, तर १८ जणांमध्ये मूत्रमार्गाच्या अस्तराचा कॅन्सर होता. कॅप्सूल घेणं थांबवून तेव्हा वर्षं झाली होती. हे ॲसिड आज कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे नक्की ठरलेल्यांत, आणि ईश्वरी नावाची वेल आपल्याला माहीत आहे ना, तिचंही कूळ तेच.

त्या बायकांनी लेबल वाचलं असतं तरी काही कळलं नसतं, हे मला फार टोचतं. म्हणून ज्या पुडीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव नाही, बॅच नंबर नाही, कुणी बनवलं ते नाही, ती पुडी कितीही जवळच्या माणसाने दिली तरी मी आता घेत नाही.

डॉक्टर विचारतात, काही औषधं चालू आहेत का? आपण म्हणतो, नाही. कारण काढा आपल्या हिशेबात औषध नसतोच. ऑपरेशनच्या आधी तर हे सांगायलाच हवं, भूल देणारे डॉक्टर साधारण दोन आठवडे आधी अशा गोष्टी बंद करायला सांगतात, काहींमुळे रक्त गोठायला वेळ लागतो आणि काही भुलीच्या औषधाशी भांडतात.

(कपाट. मार्कर. चार डबे.)

मी काय केलं, मार्कर घेतला आणि प्रत्येक डब्याच्या झाकणावर सुरू केल्याची तारीख टाकली, खाली बंद करायची. इसबगोल, मागच्या महिन्यात. पेपरमिंट, दहा दिवस झाले. तिसऱ्या डब्यात सोनामुखी, तिच्यावर तारीख टाकून झाकण लावलं आणि फडताळात वर सरकवली.

चौथी बाटली कसल्या तरी काढ्याची आहे, लेबल ओलं होऊन पुसलंय, कधी आणली तेही आठवत नाहीये. ती पर्समध्ये टाकलीय. उद्या सकाळी साडेदहाची अपॉइंटमेंट आहे.