शंभरातली तीन मुलं

नमस्कार, श्रोतेहो.

परीक्षेतली कॉपी म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. चिठ्ठी, खिडकीतून येणारी उत्तरं, फुटलेला पेपर आणि आता खिशातला मोबाइल. ही कॉपी रोखायला जगातल्या वेगवेगळ्या देशांनी काय केलं, त्याबद्दल आज बोलायचं आहे. त्यातही मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते इथियोपियाबद्दल. तिकडे वळण्याआधी बाकीच्यांचं थोडक्यात सांगते.

दक्षिण कोरियात विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा दर नोव्हेंबरात होते. तिचे पेपर काढणारी मंडळी महिन्याहून अधिक काळ एका बंद ठिकाणी मुक्कामाला असतात. फोन नाही, इंटरनेट नाही, आणि परीक्षा पार पडेपर्यंत घरीही जाता येत नाही. याच परीक्षेत इंग्रजी ऐकून उत्तरं लिहायचा भाग सुरू झाला, की देशभरातली विमानांची ये-जा 35 मिनिटं थांबवतात. याचा कॉपीशी काही संबंध नाही, तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मुलं ऐकताहेत म्हणून अख्ख्या देशातली मोठी माणसं गप्प होतात. परीक्षेच्या दिवसांत मोठ्यांनी आवाज कमी ठेवावा, एवढं तर कुठल्याही देशाला जमायला हवं.

चीनने कायद्याचा बडगा उगारला. नोव्हेंबर 2015 पासून तिथे राष्ट्रीय परीक्षेत संघटितपणे कॉपी करवणाऱ्यांना सात वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. अनेक देशांत एकाच वेळी परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजसारख्या मंडळांची अडचण निराळी आहे. पूर्वेकडे सकाळ आधी होते, तिथली मुलं पेपर देऊन बाहेर पडतात आणि पश्चिमेकडची अजून आत जायची असतात. म्हणून ही मंडळं जगाचे विभाग पाडतात आणि एकाच विषयाचे वेगवेगळे पेपर काढतात. शिवाय एक ठरावीक वेळ नेमलेली असते. त्या वेळी प्रत्येक मूल एकतर पेपर लिहीत असलं पाहिजे, नाहीतर कुणाच्या तरी देखरेखीखाली बसलेलं असलं पाहिजे.

आणखी एक उपाय आहे, आणि तो मला साफ नामंजूर आहे. तो म्हणजे इंटरनेट बंद करणं. इराकमध्ये 2015 पासून परीक्षेच्या दिवशी काही तास देशाचं इंटरनेट बंद होऊ लागलं. अल्जीरियात 2016 साली पेपर फुटला, पाच लाखांहून जास्त मुलांना काही पेपर पुन्हा द्यावे लागले, आणि 2018 साली तिथेही इंटरनेट बंद होऊ लागलं. पेपर सुरू झाला की देशाचं इंटरनेट बंद. दवाखाने, बँका, दुकानं, सगळ्यांनी थांबायचं. पेपर सांभाळणं हे परीक्षा मंडळाचं काम आहे. ते मंडळाला जमलं नाही, तर त्याचा भुर्दंड सगळ्या जनतेने का भरायचा? आणि छापखान्यातून किंवा तिजोरीतून पेपर आदल्या रात्रीच बाहेर पडला असेल, तर सकाळी इंटरनेट बंद करून हाती काय लागणार?

आता इथियोपिया.

2016 सालचा मे महिना. बारावीची राष्ट्रीय परीक्षा, जिच्यावर विद्यापीठातला प्रवेश अवलंबून. अडीच लाखांच्या आसपास मुलं बसणार होती. परीक्षा सुरू व्हायच्या बेताला प्रश्नपत्रिका समाजमाध्यमांवर झळकल्या आणि सरकारला देशभरातली परीक्षा रद्द करावी लागली. पेपर फोडणं हे सहसा पैशासाठी होतं. इथे तसं नव्हतं. ओरोमिया प्रांतात आंदोलनं पेटली होती, शाळा कित्येक महिने बंद होत्या. तिथल्या मुलांचा अभ्यासक्रमच पूर्ण झालेला नाही, परीक्षा पुढे ढकला, अशी मागणी होती. ती कुणी ऐकली नाही, तेव्हा परदेशात राहणाऱ्या कार्यकर्त्यांनी पेपर उघड केले. पेपर फोडण्याचं समर्थन मी करणार नाही. पण मागणी खरी होती. न शिकवलेल्या धड्यावर मुलांना प्रश्न विचारले जाणार होते.

पुढच्या वर्षी, 2017 साली, सरकारने परीक्षेच्या काळात इंटरनेट बंद केलं. तरी कॉपी हटली नाही, कारण ती फक्त फोनमधून येत नव्हती. परीक्षा आपल्याच शाळेत, ओळखीच्या माणसांत, आणि शाळेचा निकाल चांगला लागावा ही सगळ्यांचीच इच्छा.

मग 2022 साली शिक्षण मंत्रालयाने सगळी परीक्षाच शाळांतून उचलली. बऱ्हानु नेगा तेव्हा शिक्षणमंत्री होते. स्वतः अर्थशास्त्राचे प्राध्यापक, विरोधी राजकारणात तुरुंगवास भोगलेले, मग परदेशात राहून परतलेले. ठरलं असं, की बारावीच्या सगळ्या मुलांनी देशभरातल्या विद्यापीठांत जाऊन राहायचं, तिथल्याच वसतिगृहात झोपायचं, तिथेच पेपर द्यायचे. फोन आणायचा नाही. देखरेखीला विद्यापीठातले प्राध्यापक. श्रोतेहो, ही मुलं म्हणजे एक-दोन शाळांची नव्हेत, जवळजवळ नऊ लाख! म्हणून ऑक्टोबरात दोन तुकड्या केल्या. आधी समाजशास्त्र शाखेची मुलं आली, ती गेल्यावर विज्ञान शाखेची. देशाच्या उत्तरेकडच्या तिग्राय प्रांतात तेव्हा युद्ध चालू होतं, तिथल्या मुलांना तर बसताच आलं नाही. काही विद्यापीठांत मुलं चिडून परीक्षा सोडून निघून गेली. पण परीक्षा पार पडली.

जानेवारी 2023 मध्ये निकाल लागला. आकडे सावकाश सांगते. परीक्षेला बसली 8 लाख 96 हजार 520 मुलं. त्यांतल्या किती जणांना निम्मे गुण मिळाले? 29 हजार 909. पुन्हा सांगते, नऊ लाखांत तीस हजारही पूर्ण नाहीत. शंभरात तीन. हजाराहून जास्त शाळा अशा होत्या, की त्यांचं एकही मूल निम्म्या गुणांपर्यंत पोचलं नाही. समाजशास्त्र शाखेत तर शंभराला जेमतेम एक.

काहींना वाटलं, मंत्र्याने मुलांचं वाटोळं केलं. मला तसं वाटत नाही. बारा वर्षं जे शिकवलं गेलं नव्हतं, ते त्या निकालाने पहिल्यांदा कागदावर आणलं. आणि मंत्रालय तिथेच थांबलं नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नापास झालेल्यांपैकी वरच्या गुणांच्या सुमारे एक लाख मुलांना विद्यापीठांत घेतलं, काही महिने राहिलेला अभ्यास शिकवला आणि मग पुन्हा परीक्षा घेतली. कडक पहाऱ्याच्या जोडीला शिकवणी. पहारा आणि शिकवणी, या दोन गोष्टी एकाच वर्षी सुरू झाल्या पाहिजेत, एवढंच माझं मागणं आहे.

कारण नुसता पहारा बसवला तर काय होतं, ते रोमानियात दिसलं. तिथे 2011 साली बारावीच्या परीक्षेला कॅमेरे आले, शिक्षेचा धाक आला. आदल्या वर्षी तीनांतली दोन मुलं उत्तीर्ण झाली होती, त्या वर्षी निम्मीसुद्धा झाली नाहीत. अर्थशास्त्रज्ञांनी हे निकाल तपासले, तेव्हा कळलं की कॉपी खरोखर कमी झाली, पण गरीब आणि सुस्थितीतल्या मुलांच्या गुणांतलं अंतर वाढलं. ज्याच्या घरी शिकवणीचे पैसे होते, तो तरला. गरिबाच्या मुलाला वर्गात शिकवलेलं नव्हतं, आणि आता आधारही गेला.

रोमानियाचीच आणखी एक गोष्ट. 2010 साली सरकारने सरकारी नोकरांचे पगार एकदम 25 टक्क्यांनी कापले, त्यात शिक्षकही आले. त्याच वर्षी परीक्षेतला भ्रष्टाचार वाढल्याचं अभ्यासकांना आढळलं. शिक्षकाचा पगार कापायचा आणि मग त्याच्यावर नजर ठेवायला कॅमेरे विकत घ्यायचे, हा हिशेब मला कधीच पटलेला नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये तीन तास उभं राहणाऱ्या माणसाला आधी पुरेसं मानधन द्या.

इथियोपियात पुढे काय झालं, तेही ऐका. 2023 सालच्या परीक्षेत निम्मे गुण मिळवणारे पुन्हा शंभरात तीनच. 2024 साली 5.4 टक्के, आणि काही ठिकाणी पेपर संगणकावर झाला. 2025 साली 8.4 टक्के. आकडे लहान आहेत, पण त्यांतलं प्रत्येक मूल स्वतःच्या अभ्यासावर पास झालेलं आहे.

नमस्कार.