वायल्डर साहेबांचा हट्ट

(दृश्य: कोल्हापूर, न्यू शाहूपुरी, रविवार सकाळ. चर्चच्या आवारात लागलेल्या दुचाक्या. आतून पेटीचा सूर.)

उपासनेला अजून थोडा वेळ आहे. तबला लागतोय. मराठी मंडळ्यांमध्ये, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या ख्रिस्ती समूहांमध्ये, आजही रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं गायली जातात, अभंगाच्या आणि ओवीच्या वळणाची. वारकरी घरातला माणूस इथे येऊन बसला, तरी चाल त्याला परकी वाटत नाही.

या वास्तूला नाव आहे रॉयल गूल्ड वायल्डर यांचं. हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. छत्रपतींची राजधानी आणि त्यात परका धर्म, त्यामुळे सुरुवातीला विरोध झाला, आणि तो कडाडून झाला. वायल्डर यांनी शाळा काढल्या. त्यांच्या पत्नी एलायझा यांनी मुलींना शिकवायला घेतलं. पुण्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केल्याला तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती!

खरी अडचण मात्र घरातूनच आली. १८५४-५५ मध्ये वायल्डर यांना पाठवणाऱ्या बॉस्टनच्या मिशन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन हिंदुस्थानात आले. त्यांचं म्हणणं असं, की मिशनऱ्याने उपदेश करावा, मंडळ्या उभ्या कराव्यात. शाळांवर, विशेषतः इंग्रजी शाळांवर, पैसा घालू नये. शाळेत येणारी मुलं शिकतात, पण ख्रिस्ती होणारी त्यांत फार थोडी.

वायल्डर यांना हे पटलं नाही. ते धर्मप्रचारक होते, ते लपवण्यात अर्थ नाही. पण मूल ख्रिस्ती झालं नाही म्हणून त्याची शाळा वाया गेली, हा हिशेब त्यांनी मानला नाही. बोर्डाशी त्यांचा संबंध तुटला आणि पाठीशी संस्था नसताना जवळजवळ दहा वर्षं कोल्हापूरचं काम चालवलं. माझ्या मते या मंडळीच्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट हीच.

(दृश्य: जुन्या शाळेचा व्हरांडा, पायऱ्यांवर दप्तरं.)

१८७० मध्ये हे काम अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनकडे गेलं. प्रेसबिटेरियन म्हणजे वडिलांनी (इंग्रजीत ‘एल्डर’) चालवलेली मंडळी. हे वडील वयाने मोठे म्हणून नव्हेत, तर सभासदांनी निवडून दिलेले. पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, एकटा कारभार बघत नाही. आणि श्रद्धेचा गाभा म्हणाल तर कृपा. देवाचं प्रेम कोणी कमावत नाही, ते मिळतं. आणि ज्याला मिळालं त्याने ते पुढे द्यायचं. शाळा आणि दवाखाना त्या देण्यातच आले.

दवाखान्याचं नाव निघालं की कोल्हापूरकर मिरजेकडे बोट दाखवतात. डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये इकडे आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं हॉस्पिटल उभं राहिलं. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ मध्येच सुरू झाली होती. मिशन हॉस्पिटल म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना अजून मिरजच आठवते. कोल्हापुरातल्या मेरी वॉन्लेस हॉस्पिटललाही याच घराण्याचं नाव आहे.

शहरानेही हात आखडता घेतला नाही. राजर्षी शाहू महाराजांनी जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचं वसतिगृहही होतं.

पुढे १९७० मध्ये नागपुरात उत्तर भारतातल्या सहा चर्च-संस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. तिचा एक धर्मप्रांत कोल्हापूरचा. त्या सहांमध्ये मेथडिस्टही होते, म्हणजे जॉन वेस्लीच्या परंपरेतले. या वेस्लीने १७४६ मध्येच लंडनमध्ये गरिबांसाठी मोफत औषधांचा दवाखाना उघडला होता आणि गुलामगिरीविरुद्ध मरेपर्यंत लिहीत राहिला. उपासना आणि सेवा या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे त्याने लंडनमध्ये धरलं आणि वायल्डर यांनी आपल्या शहरात.

(दृश्य: बाकांच्या रांगा. एक आजी शेजारच्या मुलीला पुस्तकातलं पान काढून देतात.)

वायल्डर १८७५ मध्ये परत गेले. मुलगा रॉबर्ट कोल्हापुरातच जन्मलेला. त्याने पुढे अमेरिकेत विद्यार्थ्यांची मोठी मिशनरी चळवळ उभी केली.

तुम्ही ख्रिस्ती नसाल, तरी रविवारी सकाळी या. चपला काढायच्या का, कुठे बसायचं, काही कळलं नाही तर दारातल्या कोणालाही विचारा. गाण्यांचं पुस्तक ते देतील, आणि उपासना संपल्यावर चहाला थांबवतीलही.