मिलोस: दगडांवर जगलेलं बेट

[दृश्य: समुद्रातून जवळ येणारा पांढराशुभ्र किनारा]

ग्रीसमधलं ज्वालामुखीचं बेट म्हटलं की सगळे सँटोरिनीकडे धावतात. आपण आलोय मिलोसला. सायक्लाडीझ द्वीपसमूहातलंच, घोड्याच्या नालेसारखं बेट. मधोमध आत शिरलेला मोठा उपसागर आणि त्यात अदामास बंदर. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदराहून येणारी बोट इथेच लागते.

उत्तर किनाऱ्यावर साराकिनिको. झाडाचं नाव नाही, सावली नाही. ज्वालामुखीची राख आणि प्युमिस (सच्छिद्र, हलका ज्वालामुखीय दगड) यांचे थर साचून दगड झाला, वाऱ्याने आणि लाटांनी तो घासून पार गुळगुळीत केला. दुपारी इथे ऊन वरून लागतं तसं खालूनही लागतं. गॉगल नसेल तर डोळे उघडवत नाहीत. सकाळी लवकर यावं, हे उत्तम.

[दृश्य: तळहातावर काळा, चकचकीत टवका]

हा ऑब्सिडियन. लाव्हा इतक्या झटकन थंड झाला की स्फटिक तयार व्हायला सवडच मिळाली नाही. झाली ती काच. ठोका मारून टवका उडवला की कडेला वस्तऱ्यासारखी धार येते. मिलोसचा हा दगड दक्षिण ग्रीसमधल्या फ्रांख्थी गुहेत सापडला, तोही 10,000 वर्षांहून जुन्या थरांत. मिलोस बेट असल्याने तो समुद्रावाटेच गेला असणार. म्हणजे शेती सुरू होण्याआधी इथली माणसं दर्यावर्दी झाली होती, आणि तीही पात्यासाठी लागणाऱ्या दगडापायी!

बेटाचा सर्वांत प्रसिद्ध दगड मात्र बाहेरचा. 1820 साली प्राचीन रंगमंडलाजवळच्या अवशेषांत एका शेतकऱ्याला एक मूर्ती सापडली. तीच हात नसलेली, जगप्रसिद्ध 'व्हीनस द मिलो'. संगमरवर पारोस बेटाचा. मूर्ती फ्रेंचांनी नेली, 1821 मध्ये ती पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात पोहोचली. प्लाका गावच्या संग्रहालयात आता तिची प्रतिकृती आहे. ती बघून चटकन पुढे निघालात तरी चालेल. रंगमंडलाच्या पायऱ्यांवर मात्र निवांत बसा, समोर अख्खा उपसागर दिसतो.

तिथून जवळच ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या काळातली भुयारी दफनस्थळं. मऊ ज्वालामुखीय खडक कोरून भिंतींत कमानदार कबरी केलेल्या. खाली क्लिमाला कोळ्यांची घरं: तळमजल्यावर होडी, वर माणसं. लाल, निळी, हिरवी दारं थेट पाण्यावर उघडतात, आणि हिवाळ्यात लाटा दारापर्यंत येतात.

[दृश्य: गंजलेले रूळ, पिवळट कडा]

पूर्वेला पालिओरेमा. गंधकाची ही खाण विसाव्या शतकाच्या मध्यावर बंद पडली. रूळ, वाघिणी, यंत्रं जागच्या जागी गंजतायत. माझ्या मते बेटावरची सगळ्यात बोलकी जागा हीच. खाणकाम मात्र थांबलेलं नाही. बेंटोनाइट ही चिकणमाती आणि परलाइट ही ज्वालामुखीय काच आजही इथून जहाजं भरून जातात. गच्चीवर बाग करणाऱ्यांना परलाइट ठाऊक असेल: कुंडीच्या मातीत मिसळतात ते पांढरे, हलके दाणे.

राहिलं क्लेफ्तिको. नैर्ऋत्य टोकाला समुद्रातून उठलेले पांढरे सुळके, कमानी, गुहा. एकेकाळी चाच्यांचा अड्डा. बहुतेक जण होडीनेच जातात. उन्हाळ्यात मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा पिसाटला, तर होड्या सुटत नाहीत. त्या दिवशी अदामासचं खाण संग्रहालय बघून घ्या.