बीटा ब्राउझर वापरायचा तर त्याचं कामही करायचं

श्रोतेहो, नमस्कार.

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधून किंवा जेल रोडवरून नवा लॅपटॉप घरी आला, की कॉलेजात जाणारा भाचा नाहीतर पुतण्या पहिल्याच संध्याकाळी त्यावर काही ना काही टाकून देतो. त्यात हल्ली ब्राउझरची बीटा, म्हणजे चाचणीसाठी आधी दिलेली, आवृत्तीही असते. "काका, सगळ्यांना महिन्याभराने मिळणार ते तुम्हाला आजच," असं तो सांगतो आणि त्याचं म्हणणं खरंही असतं. मी स्वतः बीटा ब्राउझर आवडीने वापरतो, मुलांनीही वापरावेत असं मला मनापासून वाटतं. पण बीटा घेतला म्हणजे एक काम अंगावर घेतलं. ज्याला ते काम करायचं नाही, त्याच्या लॅपटॉपवर बीटा असू नये. आज एवढंच मांडायचं आहे, जरा तपशिलात.

लग्नघरी पंगत बसण्याआधी आचारी घरातल्या दोन-चार जाणत्या माणसांना वाटीत चव घ्यायला देतो. चव घेणाऱ्याने मीठ कमी आहे की जास्त, ते सांगायचं असतं. बीटा म्हणजे ही वाटी. क्रोमची एक स्थिर, म्हणजे सगळ्यांसाठीची, आवृत्ती असते, तिच्या अलीकडे बीटा, त्याही अलीकडे डेव्ह आणि कॅनरी ही आणखी कच्ची रूपं. फायरफॉक्सची बीटा आहे आणि नाइटली आहे. कॅनरी आणि नाइटली रोज बदलतात, त्यामुळे त्यांची तपासणी फारच थोडी झालेली असते. बीटा त्यामानाने पुष्कळ पक्की. २०२१ मध्ये क्रोमची मोठी आवृत्ती दर चार आठवड्यांनी येऊ लागली. प्रत्येक आवृत्ती त्याआधी काही काळ बीटात मुरते.

आता त्रुटींचं बघू. ११ जून २००७ रोजी ॲपलने आपला सफारी ब्राउझर विंडोजसाठी बीटा म्हणून काढला. पहिल्या दिवसापासून सुरक्षित राहील असा बांधला आहे, अशी त्याची जाहिरात होती. थोर लारहोम नावाच्या संशोधकाने दोन तासांत त्यात शिरकाव करण्याची वाट शोधली. ही वाट समजून घेण्यासारखी आहे. वेबपानावरची एखादी लिंक उघडताना ब्राउझर कधी कधी ती दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हवाली करतो, जसं ईमेलच्या लिंकवर टिचकी मारली की मेलचा प्रोग्रॅम उघडतो. हवाली करताना लिंकमधला मजकूर गाळून घ्यावा लागतो. सफारी बीटा विंडोजवर तो नीट गाळत नव्हता. त्यामुळे लिंकच्या पोटात हुकूम दडवून पाठवला, तर पलीकडचा प्रोग्रॅम तो मुकाट्याने पाळायचा. सफारी मॅकवर काही वर्षं वापरात होता. विंडोजची जमीन त्याला नवी होती आणि नेमका तिथेच पाय घसरला. तीन दिवसांत, १४ जूनला, ॲपलने दुरुस्त आवृत्ती काढली.

पुढच्याच वर्षी गूगल क्रोमची पाळी आली. २ सप्टेंबर २००८ ला क्रोमची पहिली बीटा आली तेव्हा तिच्यात वेबपान मांडून दाखवणारं वेबकिट नावाचं जे इंजिन होतं, ते थोडं जुनं होतं. सफारीतही तेच इंजिन होतं. त्या इंजिनातली एक त्रुटी ॲपलने त्याच वर्षीच्या जूनमध्ये सफारीत बुजवली होती. वेबपान उघडताच न विचारता फायली तुमच्या संगणकावर टाकता येतील, अशी ती त्रुटी. सफारीत बुजलेलं भोक क्रोमच्या बीटात उघडंच राहिलं होतं. मला हे उदाहरण सफारीच्या उदाहरणाहून महत्त्वाचं वाटतं. नव्या गोष्टीतल्या चुका नव्याच असतात असं आपण धरून चालतो. इथे चूक जुनी, जगजाहीर आणि दुसरीकडे दुरुस्त झालेली होती.

"पण या तर पुष्कळ वर्षांपूर्वीच्या गोष्टी," असं कोणी म्हणेल. म्हणून आजचं सांगतो. क्रोम ज्या खुल्या कोडवर बनतो, त्या क्रोमियम प्रकल्पाने २०२० मध्ये स्वतःच जाहीर केलं, की त्यांच्या गंभीर सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या हाताळणीतल्या आहेत. प्रोग्रॅम मेमरीतली एक जागा मोकळी करतो, पण त्या जागेचा पत्ता विसरत नाही आणि पुन्हा तिथेच जातो. मधल्या वेळात हल्लेखोराने तिथे आपला मजकूर ठेवलेला असेल, तर प्रोग्रॅम तो मजकूर आपलाच समजून चालवतो. अशा चुका जुन्या कोडमध्येही निघतात, मग कालच लिहिलेल्या कोडमध्ये का निघणार नाहीत? आजच्या ब्राउझरमध्ये प्रत्येक टॅबचं काम कोंडून ठेवणारी व्यवस्था असते, त्यामुळे एका चुकीने सगळं घर लुटलं जात नाही. तरी हल्लेखोर दोन चुका जोडून त्या कोंडीतून बाहेर येतात, हे २००७ मध्ये व्हँकुव्हरला सुरू झालेल्या 'पोन टू ओन' या त्रुटी शोधून शिरकाव करण्याच्या स्पर्धेत वारंवार दिसलं आहे.

हे ऐकून बीटाला घाबरणाऱ्यांनाही मला काही सांगायचं आहे. आपल्याकडे कितीतरी घरांत आणि दुकानांत अजून विंडोज ७ चे संगणक आहेत. त्यांच्यासाठी क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती ठरली, ती २०२३ च्या जानेवारीतली. तिचे अपडेट बंद झाल्यावर सापडलेली एकही त्रुटी तिथे बुजलेली नाही. शिवाय क्रोमियमचं कोड सर्वांना खुलं असतं, म्हणजे कुठलं भोक बुजवलं ते हल्लेखोरही वाचतात आणि ज्यांनी अपडेट घेतलेलं नाही त्यांच्याकडे वळतात. दुरुस्ती कोडमध्ये येणं आणि ती लोकांच्या संगणकावर पोचणं यातलं अंतर कमी व्हावं, म्हणून गूगलने ऑगस्ट २०२३ पासून स्थिर क्रोमला दर आठवड्याला सुरक्षा-अपडेट द्यायला सुरुवात केली. तेव्हा "आम्ही बाबा बीटाच्या नादी लागत नाही" म्हणणारा माणूस दोन-तीन वर्षं जुना ब्राउझर चालवत असेल, तर बीटावाल्या पुतण्यापेक्षा धोका त्यालाच जास्त आहे. हे मी ठामपणे सांगतो.

मग बीटा वापरायचा कसा? क्रोमचा बीटा स्थिर ब्राउझरच्या शेजारी वेगळा बसतो, अँड्रॉइड फोनवरही त्याचं वेगळं चिन्ह येतं. तो ठेवा, पण त्यात नेहमीच्या खात्याने साइन इन करू नका. घोळ इथेच होतो. साइन इन केलं आणि सिंक चालू केलं, की स्थिर ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड, पत्ते, कार्डाचे तपशील बीटातही हजर होतात. तुम्ही बँकेची साइट त्यात कधी उघडली नसेल, तरी बँकेचा पासवर्ड तिथे येऊन बसतो. बीटाच्या सेटिंगमध्ये पासवर्डची यादी एकदा उघडून पाहा. ती रिकामी असली पाहिजे. वडिलांच्या पेन्शनचं खातं, वीजबिल, शेअरचा व्यवहार, सगळं स्थिर ब्राउझरमध्येच. आणि बीटा उतरवायचा तो बनवणाऱ्याच्याच साइटवरून किंवा प्ले स्टोअरवरून. कुठल्याशा पानावर 'तुमचा ब्राउझर जुना झाला' म्हणून जी चौकट उसळते, तिच्यावर टिचकी मारली की बहुधा ब्राउझर न येता चोर घरात येतो.

आता त्या वाटीची चव सांगण्याचं काम. बीटा वापरणारे पुष्कळ, पण मराठी पानं त्यात बारकाईने बघणारे किती? 'दुसऱ्या', 'वाङ्मय', 'ॲप', 'श्रद्धा' हे शब्द बीटात उघडून पाहा. अर्धा र आपल्या जागी बसतो का, पानात शब्द शोधताना तो सापडतो का, ते बघा. आपण तक्रार केली नाही तर ती कोण करणार? अक्षरांचा संबंध सुरक्षेशीही आहे. २०१७ मध्ये एका संशोधकाने रशियन लिपीतली अक्षरं जुळवून एक पत्ता नोंदवला, तो ॲड्रेस बारमध्ये हुबेहूब ॲपलच्या साइटसारखा दिसत होता. क्रोमने त्यानंतर असे पत्ते साध्या इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक रूपात दाखवायला सुरुवात केली. देवनागरीतही २०१४ पासून .भारत पत्ते मिळतात. बारीक अक्षरात घ आणि ध, भ आणि म डोळ्यांना किती सारखे दिसतात, हे चष्मा लावणाऱ्या श्रोत्यांना मी सांगायला नको. बीटामध्ये ॲड्रेस बारची मांडणी बदलली असेल, तर असा पत्ता तिथे कसा दिसतो ते तपासणं, हे मराठी माणसाने करायचं काम आहे.

तक्रार लिहिताना "ब्राउझर चालत नाही" एवढं लिहून उपयोग नाही. आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, कुठलं विंडोज किंवा कुठला फोन, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एवढं ओळीने लिहा, आणि पुन्हा करून दाखवता आलं पाहिजे. त्रुटी सुरक्षेची वाटली तर ती मित्रांच्या ग्रुपवर टाकायची नाही. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या बगझिला या नोंदवहीत आणि क्रोमियमच्या नोंदवहीत सुरक्षेची नोंद वेगळी करता येते, ती दुरुस्त होईपर्यंत इतरांना दिसत नाही. मोझिला २००४ पासून आणि गूगल २०१० पासून अशा शोधाबद्दल पैसेही देतात. एसजीएसआयटीएस या अभियांत्रिकी कॉलेजातल्या आणि देवी अहिल्या विद्यापीठातल्या मुलांनी याकडे गंभीरपणे बघावं. सुपर कॉरिडॉरवरच्या कंपन्यांत मुलाखतीला जाताना नीट लिहिलेली आणि स्वीकारली गेलेली एक जरी नोंद दाखवता आली, तरी ते चांगलं काम आहे.

शेवटचं, बीटा नको झाला तर. क्रोम बीटा काढताना ब्राउझिंगचा डेटाही पुसायचा का, असा एक चौकोन दिसतो. तिथे खूण करा, नाहीतर साठवलेलं सगळं संगणकावर मागे राहतं. फायरफॉक्समध्ये बीटाचं प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, तेव्हा कामाच्या खुणा म्हणजे बुकमार्क आधी फाइलमध्ये काढून ठेवा आणि मगच बीटा काढा.

नमस्कार.