पाण्यावरचे वारकरी मोजताना

(दृश्य : तळ्याचा काठ, पहाट. तिवईवर स्कोप, म्हणजे पक्षी पाहायची दुर्बीण.)

तळ्यावरचे पाणपक्षी मोजायचे तर सूर्य पाठीशी ठेवूनच उभं राहायचं. समोरून ऊन आलं की पाणी चकाकतं, आणि थापट्या असो की तलवार बदक, नुसती काळी आकृती उरते.

ही जागा आज सुचली म्हणून निवडलेली नाही. मोजणीचे बिंदू आधीच जीपीएसवर नोंदवलेले आहेत. दोन बिंदूंत २०० ते २५० मीटर अंतर आणि प्रत्येकाची हद्द पक्की. तसं नसेल तर एकच थवा दोनदा वहीत येतो. पोचल्यावर पाच मिनिटं गप्प बसायचं, माणूस पाहून उठलेले शेकाटे परत उतरतात. मग दहा मिनिटं मोजणी. एकाने बघत आकडा सांगायचा, दुसऱ्याने लिहायचा.

(दृश्य : स्कोपमधून वारकऱ्यांचा थवा.)

काळंभोर अंग, कपाळावर पांढरा ठिपका. शेकड्यांनी असलेले हे वारकरी पक्षी एकेक करून मोजून होत नाहीत. आधी २० नीट मोजा. ते पाण्यावर किती जागा व्यापतात ते डोळ्यांत ठेवा आणि तेवढाच तुकडा डावीकडून उजवीकडे थव्यावर ठेवत जा. खरी फसगत इथेच होते. थवा कडेला विरळ असतो, मध्ये खच्चून भरलेला. कडेचं माप मध्ये लावलं की आकडा कमी भरतो. म्हणून दाट भागासाठी माप वेगळं घ्यावं, आणि दोघांनी एकमेकांना न सांगता मोजावं.

टिबुकली सतत बुड्या मारते. एका नजरेत निम्म्या पाण्याखालीच असतात. तिथे थोडं थांबून, एका वेळी जास्तीत जास्त जितक्या दिसतील तो आकडा घ्यायचा.

(दृश्य : पाणकणसांवरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालतो. बदकं उठतात.)

आता मोजणी थांबवायची, वेळ लिहायची. पक्षी पुन्हा बसले की पहिल्यापासून. ओळख पटली नाही तर ‘अनोळखी बदक, ४०’ एवढंच लिहावं. अंदाजाने दिलेलं नाव तळ्यावर नसलेली जात यादीत घुसवतं.

जातींची संख्या एकटी पुरत नाही. दोन तळ्यांवर प्रत्येकी ५ जाती, १०० पक्षी आहेत असं समजा. एकावर प्रत्येक जातीचे २०. दुसऱ्यावर ९६ वारकरी आणि बाकी जातींचा एकेक. जाती किती आणि पक्षी त्यांत किती समान वाटलेले, हे एका आकड्यात सांगणारा शॅनन निर्देशांक पहिल्याचा १.६१ येतो, दुसऱ्याचा ०.२२. यादीची लांबी मात्र सारखीच.

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. तोवर हिवाळी पाहुणे स्थिरावलेले असतात. तरी आकड्याशेजारी पाण्याची पातळी हवीच. पाणी उतरून चिखल उघडा पडला की तुतवारासारखे चिखलात चरणारे पक्षी वाढतात, बुडी मारणारी बदकं दुसरीकडे जातात.

(दृश्य : वहीचं पान.)

मागच्या वेळी चक्रवाक होते, आज नाहीत. ती चौकट रिकामी सोडायची नाही. रिकामी चौकट म्हणजे ‘पाहिलंच नाही’ असंही कुणी वाचेल. तिथे शून्य लिहायचं.