आप्पांचा विळा

नमस्कार, श्रोतेहो.

आज बोलायचंय फौजदारी गुन्ह्यांबद्दल आणि वकील कधी गाठायचा याबद्दल. लगेच रेडिओ बंद करू नका. 'आपला कुठं पोलिसांशी संबंध येतो' म्हणणारी माणसंच माझ्या ऑफिसात जास्त दिसतात. सराईत चोराचा वकील ठरलेला असतो. धांदल उडते ती सरळ माणसाची.

मी तालुक्याच्या कोर्टात नुकती वकिली सुरू केली होती, तेव्हाची ही गोष्ट. नव्वदचं दशक. गावाचं नाव सांगत नाही, त्या घरची नातवंडं अजून तिथंच नांदतात. आपण त्यांना आप्पा म्हणू. आप्पांचं आणि त्यांच्या चुलतभावाचं शेत लागून. भांडण कशावरून, हे सांगायला नको. बांध कोरला. (जाता जाता सांगतो, सरकारी मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्या. आमचा निम्मा धंदा बसेल, पण घ्या.) तर एका संध्याकाळी बांधावर शिवीगाळ, मग झटापट. भावाच्या कपाळाला खोक पडली, पुढचा एक दात गेला.

भाऊ ठाण्यात गेला. ठाणे अंमलदारानं एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली. कलमं 323, 504, 506, म्हणजे मारहाण, अपमान, धमकी. हे तीन आकडे तेव्हा गावातल्या शाळकरी पोरालाही पाठ असायचे. आप्पा चावडीवर हसत म्हणाले, "एनसी तर झालीय, कागद आहे नुसता."

पण भाऊ तिथून गेला ग्रामीण रुग्णालयात. डॉक्टरांनी सर्टिफिकेटात दात पडल्याचं लिहिलं. आता बघा, दात तुटला किंवा निखळला तरी कायद्याच्या भाषेत ती 'गंभीर दुखापत' होते. हात मोडला काय, दात पडला काय, व्याख्या एकच. कलम वाढलं, 323 चं 325 झालं. एनसीचा दखलपात्र गुन्हा झाला. तरीही 325 जामीनपात्र. ठाण्यात जायचं, जामीनदार द्यायचा, घरी यायचं. एवढ्यावर भागत होतं.

पुढं भावानं पुरवणी जबाबात सांगितलं की आप्पांनी विळ्याच्या मुठीनं मारलं. ठाण्यातून निरोप आला, "येऊन जा." आप्पांनी काय करावं? त्यांनी विळा धुतला, पंच्यात गुंडाळला, एसटीनं तालुक्याला आले आणि तो विळा साहेबांच्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "ह्यानं मारलं म्हणतोय. बघा साहेब, कुठं डाग तरी आहे का!"

साहेबांनी दोन पंच बोलावले. पंचनामा झाला, विळा सील झाला. 325 चं 326 झालं. हत्यारानं गंभीर दुखापत, जन्मठेपेपर्यंत शिक्षा, अजामीनपात्र. धुतलेला होता, हेही पंचनाम्यात आलं. वार शनिवार. रविवारी सकाळी आप्पा मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या बंगल्यावर उभे होते आणि मला त्यांच्या मंडळींनी घरातून अर्ध्या जेवणावरून उठवून नेलं होतं. त्यांच्या हातात डबा होता आणि सातबारा. सातबाऱ्यानं जामीन होतो, अशी त्यांची समजूत. जिल्ह्याच्या कोर्टातून जामीन मिळाला तोवर 11 दिवस गेले होते.

आप्पा ठाण्याला जाण्याआधी माझ्याकडे आले असते, तर मी एकच सांगितलं असतं, विळा घरी ठेवा. पोलिसांपुढं तोंडानं दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. हातानं नेऊन दिलेली वस्तू मात्र मुद्देमाल होऊन खटला संपेपर्यंत पाठीशी लागते.

आता थोडं कायद्याचं. 1 जुलै 2024 पासून जुने कायदे जाऊन भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आल्या. 323 चं 115(2) झालं, 325 चं 117(2), 326 चं 118(2). आकडे बदलले, चौकट तीच. (नावं फारच संस्कृत झाली. मला विचाराल तर 'फिर्याद' म्हटल्यावर जे कळतं ते 'प्रथम खबर अहवाल' म्हटल्यावर कळत नाही.)

दोन प्रश्न लक्षात ठेवा. पहिला, गुन्हा दखलपात्र की अदखलपात्र? अदखलपात्र म्हणजे आपली एनसी. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत. दखलपात्र असेल तर एफआयआर होतो, तपास लगेच सुरू. दुसरा प्रश्न, जामीनपात्र की अजामीनपात्र? जामीनपात्र असेल तर जामीन हा तुमचा हक्क. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही, असा गैरसमज आहे. मिळतो, पण तो कोर्टाच्या मर्जीवर. पुन्हा सांगतो, दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र. वकिलाला फोनवर हेच दोन प्रश्न विचारा. आणि एनसीची प्रत जपून ठेवा. एनसीवरून तहसीलदारांपुढं चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याची हमी लिहून घेण्याची कारवाई, होते, एनसीचं कलमही वाढतं. आप्पांचं वाढलंच.

वकील कधी? चार्जशीट आल्यावर नव्हे, समन्स आल्यावर नव्हे. ठाण्यातून फोन आला, नोटीस आली की तेव्हाच. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात हल्ली सहसा आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची, म्हणजे ठाण्यात हजर राहण्याची, नोटीस येते. दिल्या तारखेला हजर राहिलात, सहकार्य केलंत, तर एरवी अटक होत नाही. पण हजर राहण्याआधी नोटीस वकिलाला दाखवा. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, हे शिकलेल्यांनाही ठाऊक नसतं. अजामीनपात्र कलम लागण्याची कुणकुण लागली तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज, आणि तो अटकेच्या पूर्वीच करायचा, नावातच आहे ते. अटक झालीच तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं आणि पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क राज्यघटनेनंच दिलाय.

पैसे नाहीत? तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतला माणूस, यांना उत्पन्न न बघता वकील फुकट. फोन नंबर 15100. लिहून घ्या, एक पाच एक शून्य शून्य.

हां, आप्पांचं राहिलंच. खटला सहा वर्षं चालला. मधल्या काळात भावाच्या मुलीचं लग्न ठरलं, मांडवात आप्पा पुढं होऊन राबले. त्यानंतर भाऊ साक्षीला उभा राहिला आणि सरळ फितूर झाला. "अंधार होता साहेब, बांधावरून घसरलो, दगडावर आपटलो." आप्पा निर्दोष सुटले. निकालात शेवटी ओळ होती, मुद्देमाल विळा मूल्यहीन असल्यानं अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावा.

मी बाहेर येऊन हे वाचून दाखवलं. सुटकेचं आप्पांना काहीच वाटलं नाही. म्हणाले, "मूल्यहीन कुणी ठरवला? लोहाराकडनं पाजवून आणलेला होता." विळा परत मिळावा म्हणून मला अर्ज करायला लावला. मी केला. त्या अर्जाची फी घेतली नाही.

नमस्कार.