फोन ठेवला, हे व्हॉइसमेलला कळलं पाहिजे

मंडळी, जिनिंग, बाजार समिती, पतसंस्था अशा आपल्याकडच्या कार्यालयांत संध्याकाळनंतर फोन उचलायला कोणी नसतं, आणि कापसाच्या हंगामात शेतकऱ्याचा फोन नेमका तेव्हाच येतो. अशा वेळी व्हॉइसमेल, म्हणजे फोनवरचा निरोप रेकॉर्ड करून ठेवणारी पेटी, कामाला येतो. जोडणी अवघड नाही. ईपीएबीएक्सचे, म्हणजे कार्यालयातल्या टेलिफोन एक्सचेंजचे, चार साधे एक्स्टेंशन पोर्ट मोकळे करा, क्रोनवरून (तारा जोडायच्या पट्टीवरून) त्यांच्या जोड्या व्हॉइसमेलमध्ये न्या आणि चारही एका हंट ग्रुपमध्ये टाका, म्हणजे कॉल त्यातल्या मोकळ्या पोर्टवर जातो. प्रत्येक टेबलाच्या एक्स्टेंशनला बिझीचा आणि न उचलल्याचा असे दोन्ही फॉरवर्ड त्या ग्रुपवर लावा. आपली रिंग तीन सेकंदांनी फिरते, म्हणजे १५ सेकंदांत पाच रिंगा. न उचलल्याचा फॉरवर्ड लागायला तेवढ्या पुरे.

कॉल कोणत्या टेबलाचा होता, हे एक्सचेंज व्हॉइसमेलला डीटीएमएफ अंकांनी, म्हणजे बटण दाबल्यावर येतात तसल्या टोननी, सांगतं. लाइन उचलल्याबरोबर अंक सुटले तर पहिला हुकतो. २१५ चं १५ होतं आणि निरोप भलत्याच खात्यात जातो. अंकांआधी अर्धा ते एक सेकंद थांबा ठेवा.

खरं दुखणं पुढेच आहे. निरोप संपला की हॅश दाबा, असं आपण सांगतो. पण आपला माणूस 'उद्या गाडी आणू का भाऊ, सांगजा' म्हणतो आणि फोन ठेवून देतो. मग लाइनवर येते एंगेज टोन. भारतात ती ४०० हर्ट्‌झची, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. अमेरिकेतली ४८० आणि ६२० हर्ट्‌झची मिळून, अर्धा-अर्धा सेकंद. पेटी तिकडच्या सेटिंगवर आली असेल तर तिला आपली टोन ओळखू येत नाही. ती टूं-टूं रेकॉर्ड करत बसते आणि पोर्ट अडकतो. चारही अडकले की पाचव्याला नुसतीच रिंग. शांतता मोजून लाइन सोडण्याची सोय इथे भरवशाची नाही, कारण टोन म्हणजे शांतता नव्हे. व्हॉइसमेलच्या सेटिंगमधल्या टोनच्या तक्त्यात आपले आकडे भरा, तीन आवर्तनं ऐकल्यावरच लाइन सोडायला सांगा, आणि वरून निरोपाला दोन मिनिटांची मर्यादा घाला. टोन तुमचा ईपीएबीएक्स स्वतः तयार करत असेल, तर त्याचं माप त्याच्या पुस्तकातून घ्या.

तपासणी मोबाइलवरून करा: अर्धा निरोप बोला, काही न दाबता कट करा. पाच-सहा सेकंदांत पोर्ट मोकळा व्हायला हवा. प्रत्येक पोर्टवर हे करा, एकावर भागवू नका.

वीज गेली की एक्सचेंज बॅटरीवर चालतं आणि व्हॉइसमेल बंद पडतो. कॉल मेलेल्या पोर्टवर वाजत राहतात. दोघांना एकाच बॅकअपवर घ्या, अर्थिंगही एकच ठेवा. बाहेरच्या प्रत्येक लाइनला वीज-रोधक (आकाशातल्या विजेचा झटका अडवणारा) हवाच. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते, आणि पहिल्याच गडगडाटात कार्ड जळतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात नेमानं पाणी घाला.